दिवसा बातम्या, रात्री सिनेमा: एका ६५ इंची ४के टीव्हीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पाच माणसांच्या एका घरात ४० इंची फुल एचडी टीव्हीच्या जागी ६५ इंची ४के टीव्ही आला. जुना टीव्ही बिघडला नव्हता, फक्त मोठा पडदा हवा होता. नवा संच मध्यम श्रेणीचा होता: व्हीए जातीचं (समोरून काळं गडद, बाजूनं रंग फिके) एलसीडी पॅनेल, कडेला बसवलेला एलईडी बॅकलाइट (पॅनेलमागचा उजेड), ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं), एचडीआर१० (जास्त झळाळीच्या चित्राचा एक प्रकार) चालणारा, एचडीएमआय २.० जोडण्यांचा. आठवड्याभरातच घरच्यांना तो नकोसा झाला. परत करण्याची मुदत संपायला दोन आठवडे उरले असताना त्यांनी एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याला विचारलेला प्रश्न एकच होता: हा देऊन ८के, म्हणजे याच्या चौपट पिक्सेलचा, घ्यावा का?

टीव्ही बैठकीच्या खोलीत आहे. त्याच्या समोरच्या भिंतीला २.२ मीटर रुंद खिडकी आहे. सोफा पडद्यापासून ३.१ मीटरवर होता. आजींची खुर्ची उजव्या बाजूला, पडद्यापासून २.४ मीटरवर आणि मधल्या रेषेपासून सुमारे ४२ अंशांवर. आजी दिवसा पाच-सहा तास बातम्या बघतात आणि खालची सरकपट्टी व कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह तेवढा वेळ पडद्यावर असतं. संध्याकाळी मैदानी सामने, रात्री दिवे घालवून सिनेमे, सुटीच्या दिवशी मुलांचे गेम. एकाच पडद्याकडून चार कामं हवी होती, आणि ती एकमेकांच्या विरोधात जाणारी होती.

अडचण

तक्रारी सहा होत्या. बातम्या जुन्या टीव्हीपेक्षाही पुसट दिसतात. रात्रीच्या सिनेमात काळं राखाडी दिसतं. दिवसा एचडीआर सिनेमा लावला तर चित्र अंधारं. सामन्यात चेंडूमागे शेपूट येतं आणि कॅमेरा फिरला की चित्र धक्के खातं. खुर्चीतून चेहरे फिके दिसतात. आणि कुठूनही बघा, माणसं निळसर दिसतात.

"पिक्सेल कमी पडतायत" असं निदान घरच्यांनी आपापसात करून टाकलं होतं. पण यांतली एकही तक्रार पिक्सेलच्या कमतरतेची नव्हती.

तपासणी: आधी सिग्नल, मग सेटिंग, शेवटी पॅनेल

हा क्रम महत्त्वाचा आहे. वरून येणारं चित्रच बिघडलेलं असेल तर पॅनेलबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष फसवा ठरतो.

सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट २१६०पी, ६० हर्ट्झवर कायमचं बांधलेलं निघालं. ४के टीव्ही आला म्हणून कुणीतरी मेनूतला सर्वांत मोठा आकडा निवडला होता. वाहिन्या मात्र ५० हर्ट्झच्या होत्या, काही ५७६ रेषांच्या तर काही १०८०आय. म्हणजे इंटरलेस (सम-विषम रेषा आळीपाळीनं येणारं चित्र) सोडवणं, चित्र ताणून ४के करणं आणि ५० चं ६० करणं ही तिन्ही कामं त्या छोट्या बॉक्सवर पडत होती. सेकंदाला ५० चित्रांची ६० करायची तर दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं. कॅमेरा सरकत असताना सेकंदाला दहा वेळा अडखळल्यासारखं वाटतं ते यामुळे. बॉक्समध्ये 'मूळ सिग्नल जसाच्या तसा' असा पर्याय नव्हता, म्हणून आउटपुट १०८०पी, ५० हर्ट्झवर नेलं. ४केपर्यंत ताणण्याचं काम टीव्हीकडे आलं. टीव्हीची प्रक्रियाक्षमता बॉक्सपेक्षा सहसा चांगली असते.

दुसरी चूक काळ्या रंगाच्या पातळीची. बॉक्स १६ ते २३५ या मर्यादित पल्ल्यात (१६ म्हणजे काळा, २३५ म्हणजे पांढरा) सिग्नल पाठवत होता आणि टीव्हीच्या त्या जोडणीवर ० ते २५५ असा पूर्ण पल्ला निवडलेला होता. त्यामुळे १६ या पातळीचा 'काळा' पडद्यावर गडद राखाडी म्हणून उमटत होता. ३०० निट (निट हे झळाळीचं माप) पांढऱ्यावर या पॅनेलचा काळा ०.०७५ निट असायला हवा, प्रत्यक्षात तो ०.७ च्या पुढे होता. पांढराही २३५ वर अडकल्यानं ३०० ऐवजी २५० निटच मिळत होता. पॅनेलचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण, ४०००:१, पण बॉक्सवरून बघताना हाती येत होतं जेमतेम ३४०:१. हे ओळखायची सोपी खूण अशी: तोच अंधारा प्रसंग टीव्हीतल्या ॲपवर आणि बॉक्सवर लावून बघायचा. फक्त बॉक्सवर राखाडी दिसला तर दोष पल्ल्याचा, पॅनेलचा नाही. इथे ॲपवर चित्र बरंच सुधारलं, तरी कडांपाशी प्रकाशाचे फिकट खांब दिसतच राहिले. तो भाग मात्र खरोखर पॅनेलचा होता.

तिसरी गोष्ट चित्राच्या मोडची. टीव्ही दुकानात भडक दिसावा म्हणून असतो त्या 'विविड' मोडमध्येच होता. पांढऱ्याचं रंगतापमान ११,००० केल्व्हिनच्या वर मोजलं गेलं, अपेक्षित ६,५०० केल्व्हिन (आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर). निळसर चेहऱ्यांचं कारण एवढंच. शार्पनेस १०० पैकी ५० वर होता, त्यामुळे प्रत्येक कडेला पांढरी किनार येत होती आणि कॉम्प्रेशनचे चौकोन उठून दिसत होते. बॉक्स आणि टीव्ही दोन्हींचं नॉइज रिडक्शन 'हाय'वर होतं. नॉइज रिडक्शन एका चित्रातले ठिपके घालवायला आधीच्या चित्रांची मदत घेतं, त्यामुळे वेगानं जाणाऱ्या चेंडूचा माग मागे रेंगाळतो. वर मोशन स्मूदिंगही पूर्ण चढवलेलं होतं. दोन चित्रांमध्ये टीव्ही स्वतःच्या अंदाजानं तिसरं घालतो, आणि चेंडूसारख्या छोट्या वस्तूवर तो अंदाज हटकून चुकतो.

चौथी गोष्ट वीजबचतीची. खोलीतला उजेड मोजून पडदा मंद करणारा सेन्सर चालू होता. तो बंद केल्यावर एचडीआरमधली कमाल झळाळी १९० वरून ३४० निटवर गेली.

तरीही दिवसा एचडीआर अंधारंच वाटत होतं, आणि याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. साधा, एचडीआर नसलेला (एसडीआर) सिनेमा १०० निट पांढऱ्यासाठी बनवतात, पण टीव्ही तो खुशाल ३०० निटवर दाखवतो. म्हणजे सगळं चित्र तिप्पट उजळ होतं. एचडीआर१० मध्ये वापरला जाणारा पीक्यू वक्र तसा ताणता येत नाही, कारण तिथे सिग्नलमधला प्रत्येक आकडा ठरावीक निट सांगतो. नेहमीच्या पांढऱ्या वस्तूसाठी, म्हणजे कागद किंवा सदरा यांच्यासाठी, २०३ निट हा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या मार्गदर्शनातला संदर्भ आहे. त्यावरची जागा सूर्य, दिवा, धातूवरची चमक यांच्यासाठी राखलेली. ३४० निटच्या पडद्याला १,००० निटचा सिनेमा त्यात बसवायचा तर तो वरचा भाग दाबतो आणि पुष्कळदा मधल्या छटाही खाली ओढतो. उजेड असलेल्या खोलीत त्याच सिनेमाची एसडीआर आवृत्ती अधिक उजळ दिसते ती यामुळे. 'एचडीआर चालतं' हे खोक्यावरचं वाक्य खरं असतं, पण सिग्नल ओळखता येणं वेगळं आणि तो दाखवण्याइतका उजेड पडद्यात असणं वेगळं.

एवढं झाल्यावर निळसरपणा संपला, धक्के गेले, शेपूट बरंच आखडलं. रात्रीचा काळा अर्धामुर्धा सुधारला. बातम्या, दिवसाचं एचडीआर आणि खुर्चीचा कोन या गोष्टी उरल्या.

बातम्या पुसट का?

याचं उत्तर साध्या मापात आहे. ५७६ रेषांचं चित्र ४० इंची पडद्यावर पसरलं की एक रेष ०.८६ मिलिमीटर उंच होते, ६५ इंचीवर १.४ मिलिमीटर. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एक आर्कमिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा कळतो. ३.१ मीटरवरून जुन्या टीव्हीवर ती रेष ०.९६ आर्कमिनिट होती, नजरेच्या टप्प्याच्या जरा आतच. नव्यावर ती १.५६ झाली. चित्र तेच, त्यातले दोषही तेच. पूर्वी ते डोळ्याला कळत नव्हते, आता कळू लागले. आजींच्या २.४ मीटरच्या खुर्चीवरून तर तीच रेष २ आर्कमिनिट होते.

पर्याय

पहिला पर्याय ८के. ६५ इंची ४के पडद्यावर पिक्सेल ०.३७५ मिलिमीटरचा असतो. ३.१ मीटरवरून तो ०.४२ आर्कमिनिट दिसतो, म्हणजे नजरेच्या टप्प्याच्या निम्म्याहूनही बारीक. त्या सोफ्यावरून फुल एचडीचा पिक्सेलसुद्धा ०.८३ आर्कमिनिटच आहे. काहींची नजर एक आर्कमिनिटाहून तीक्ष्ण असते हे धरलं तरी ८केचा ०.२१ आर्कमिनिटाचा पिक्सेल या घरात कुणाच्या उपयोगाचा नव्हता. हलत्या चित्रात तर रिझोल्यूशनची बाजू आणखी लंगडी पडते. दोन सेकंदांत पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारी वस्तू ५० चित्रांच्या सिग्नलमध्ये दर चित्रागणिक १.४ सेंटिमीटर सरकते. पडदा ते चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो, डोळा मात्र वस्तूबरोबर सरकत राहतो, आणि तेवढाच पट्टा पुसट दिसतो. ४केवर तो ३८ पिक्सेलचा, ८केवर ७७ चा, सेंटिमीटरमध्ये फरक शून्य. शिवाय पिक्सेल लहान केले की पॅनेलमधून प्रकाश जाण्याची जागा कमी होते, म्हणजे तेवढ्याच झळाळीसाठी बॅकलाइट जास्त तापवावा लागतो. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद झाला.

दुसरा पर्याय ओएलईडी. रात्रीच्या सिनेमासाठी याला तोड नाही: प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो, बाजूनंही रंग टिकतात, आणि पिक्सेलचा प्रतिसाद एलसीडीपेक्षा कितीतरी जलद. मात्र दुकानात आणि जाहिरातीत जे कॉन्ट्रास्ट सांगतात ते अंधाऱ्या खोलीतलं असतं. उजेडात पडद्यावरून परतणारा प्रकाश काळ्यात मिसळतो. तो किती हे काढता येतं: पडद्यावर पडणारे लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) गुणिले परावर्तनाचं प्रमाण, भागिले ३.१४. दुपारी खिडकीचे पडदे उघडे असताना टीव्हीच्या पृष्ठभागाशी लक्समीटर खोलीकडे तोंड करून धरलं, ४२० लक्स आले. पसरट परावर्तन १.५ टक्के धरलं तर २ निट प्रकाश नुसता परतून येतो. आता ओएलईडीचा शून्य निट काळा दुपारी २ निट होतो. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर तो स्वतःला आवरून साधारण १८० निटवर येतो असं धरलं तर प्रत्यक्ष कॉन्ट्रास्ट सुमारे ९०:१. घरातल्या सध्याच्या टीव्हीचा दुपारचा आकडा, पल्ला दुरुस्त केल्यावर, १४५:१ होता! रात्री ३ लक्समध्ये चित्र पूर्ण पालटतं: १०० निट पांढऱ्यावर ओएलईडी ७,०००:१ देतो, सध्याचा टीव्ही २,५००:१ च्या आसपास.

दुसरी काळजी बातम्यांच्या सरकपट्टीची. ओएलईडीचे पिक्सेल वापरानुसार झिजतात. रोज पाच-सहा तास तेच चिन्ह त्याच कोपऱ्यात, तेही दुपारच्या उजेडाला पुरेल अशा चढ्या झळाळीवर, म्हणजे झिजेला लागणारी दोन्ही कारणं एकत्र. पिक्सेल सरकवणं, चिन्ह ओळखून मंद करणं असे उपाय संचात असतात, त्यांनी झीज लांबते, थांबत नाही.

तिसरा पर्याय आयपीएस (बाजूनंही रंग टिकवणाऱ्या) पॅनेलचा एलसीडी. खुर्चीचा प्रश्न यानं सुटला असता. पण आयपीएसचं कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या घरात असतं, म्हणजे रात्री १०० निट पांढऱ्यावर काळा ०.१ निट, सध्याच्या टीव्हीच्या चौपट उजळ. सिनेमा बघणाऱ्यांनी स्वच्छ नकार दिला.

चौथा पर्याय मिनी-एलईडी बॅकलाइटचा व्हीए पॅनेल, १२० हर्ट्झ. पाहिलेल्या संचात सुमारे ५०० झोन (बॅकलाइटचे स्वतंत्रपणे मंद होणारे भाग) होते. पूर्ण पांढऱ्यावर ६०० निट, छोट्या भागात हजाराच्या वर. ४२० लक्सच्या दुपारी त्याचं कॉन्ट्रास्ट २८०:१ येतं. त्रुटी दोन. व्हीए असल्यानं बाजूनं रंग फिके पडणारच. आणि ५०० झोन ऐकायला पुष्कळ वाटले तरी ६५ इंचांत भागले की एक झोन जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटरचा चौकोन होतो, ज्यात १६,००० हून अधिक पिक्सेल एकाच दिव्यावर अवलंबून असतात. काळ्यावर पांढरं सबटायटल आलं की त्याच्याभोवती फिकट वलय दिसणार.

पाचवा पर्याय: आहे तोच टीव्ही ठेवून फक्त खिडकीला झिरझिरीत पडदा लावणं. या पर्यायाला पुरेसा वेळ दिला गेला नाही. त्याबद्दल पुढे येईल.

निर्णय

घरच्यांनी मिनी-एलईडी निवडला. निर्णायक ठरली ती आजींची बातम्यांची वेळ, झिजेच्या भीतीमुळे. रात्री सिनेमा बघणाऱ्यांना ओएलईडी हवा होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तासांचा हिशेब मांडला तर पडदा सर्वांत जास्त वेळ दिवसाच चालू असतो.

सोफा किती पुढे घ्यायचा हा दुसरा निर्णय. २.६ मीटरवर आणला की पडदा ३१ अंश रुंद दिसतो, सिनेमासाठी शिफारस होते त्या ३० अंशांच्या आसपास, आणि फुल एचडीचा पिक्सेल बरोबर एक आर्कमिनिटापाशी येतो. म्हणजे ४केचा फायदा याच अंतरापासून दिसायला लागतो. त्याची किंमत अशी की ५७६ रेषांच्या वाहिन्या सोफ्यावरूनही १.८६ आर्कमिनिट, आणखी पुसट. आजींच्या दोन आवडत्या वाहिन्यांपैकी एक एचडीमध्ये मिळत होती, ती घेतली. दुसरी एचडीत नव्हतीच. तिच्यापुरती तडजोड सर्वांनी मान्य केली.

अंमलबजावणी

टीव्ही फिरत्या आर्मवर भिंतीला लावला. दिवसा तो खुर्चीकडे २० अंश वळवायचा, म्हणजे आजी ४२ ऐवजी २२ अंशांवर येतात. रंग लगेच भरले. पण वळवल्याबरोबर आख्खी खिडकी पडद्यात दिसायला लागली. आरशासारख्या परावर्तनात पडदा जितका वळवाल त्याच्या दुप्पट प्रतिबिंबाची दिशा वळते. आधी खुर्चीवरून डावीकडची भिंत परावर्तित होत होती, आता तिच्या जागी खिडकी आली. आर्म ८ अंशांवर आणून पाहिला: खिडकी जेमतेम बाहेर गेली, पण ३४ अंशांवरून चेहरे पुन्हा फिके. शेवटी २० अंश कायम ठेवून खिडकीला झिरझिरीत पडदा लावला. टीव्हीवर पडणारा उजेड ४२० वरून १६० लक्सवर आला आणि प्रतिबिंबाची टोकदार कडाही गेली.

चित्राचे दोन मोड साठवले. दिवसासाठी पांढरा ३५० निट, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतील ते ठरवणारा आकडा) २.२. ६०० निटपर्यंत जाता येत होतं, पण झिरझिरीत पडदा ओढल्यावर तेवढं डोळ्यांना टोचतं. रात्रीसाठी पांढरा ११० निट, गॅमा २.४. दोन्हींत रंगतापमान ६,५०० केल्व्हिन, शार्पनेस शून्य, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणं) बंद. शार्पनेसचं शून्य सगळीकडे सारखं नसतं: काही संचांत ० म्हणजे प्रक्रिया नाही, काहींत तटस्थ जागा मधे असते आणि ० वर चित्र मुद्दाम मऊ केलं जातं. बारीक रेषांचा नमुना लावून, रेषेभोवतीची पांढरी किनार जिथे नाहीशी होते ती जागा तटस्थ समजावी. काळ्याची पातळी प्लूज नमुन्यावर (काळ्याजवळच्या छटांच्या पट्ट्यांचं चाचणीचित्र) लावली: १६ च्या खालच्या पट्ट्या दिसू नयेत, १७-१८ ची जेमतेम दिसावी, आणि हे रात्रीच्या मोडसाठी रात्रीच करावं. ६,५०० केल्व्हिनला पहिले काही दिवस चित्र पिवळट वाटतं, घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवलं होतं. न सांगितल्यास लोक दुसऱ्या दिवशी 'विविड'वर परत जातात.

एचडीआरसाठी डायनॅमिक टोन मॅपिंग (प्रसंगागणिक झळाळी पडद्याच्या आवाक्यात बसवणं) दिवसा चालू, रात्री बंद. ते मधल्या छटा उचलतं, त्यामुळे दुपारी चित्र दिसतं. पण अंधारात त्याच उचलण्यामुळे सावल्यांचा भार जातो आणि दिग्दर्शकानं ठरवलेली रात्र संध्याकाळसारखी भासते.

लोकल डिमिंगवर (झोनचे दिवे वेगवेगळे मंद करण्यावर) बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. कसोटीला दोन प्रसंग घेतले: काळ्यावर सरकणारी श्रेयनामावली आणि ताऱ्यांचं आकाश. 'हाय'वर वलय आवळलं जातं, पण छोटे तारे झोनसकट विझतात, आणि सबटायटल आलं-गेलं की आजूबाजूचा अंधार श्वास घेतल्यासारखा हलतो. 'लो'वर तारे टिकतात, काळा मात्र पुन्हा राखाडीकडे झुकतो. 'मीडियम' ठेवलं. सबटायटलचा रंग शुभ्र पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी केला, यानं वलय जितकं कमी झालं तितकं मेनूतल्या कुठल्याही पर्यायानं झालं नव्हतं. टीव्हीमागे ६,५०० केल्व्हिनची मंद एलईडी पट्टी लावली. तिचा उजेड मागच्या भिंतीवर पडतो, पडद्यावर नाही. भिंत किंचित उजळ असली की डोळ्याला वलय कमी जाणवतं.

हालचालीसाठी पॅनेलचा वेग कामी आला. २४ चित्रांचा सिनेमा ६० हर्ट्झवर दाखवताना एक चित्र ३३ मिलिसेकंद आणि पुढचं ५० असं आलटून पालटून राहतं, त्यामुळे कॅमेरा संथ फिरताना लंगडेपणा येतो. १२० वर प्रत्येक चित्र पाच वेळा, सारखं ४१.७ मिलिसेकंद. ५० हर्ट्झच्या सामन्यांना पॅनेल १०० वर जातं. सिनेमासाठी डी-ज्यूडर (धक्के कमी करणं) १० पैकी २, सामन्यांसाठी डी-ब्लर (पुसटपणा कमी करणं) ६ आणि नॉइज रिडक्शन बंद. काळी चित्रं मधे घालून पुसटपणा कमी करण्याचा मोडही पाहिला. चेंडू खरंच स्वच्छ दिसला, पण झळाळी निम्म्यावर आली आणि ५० हर्ट्झला पडदा लुकलुकायला लागला. पंधरा मिनिटांत तो बंद केला.

गेमसाठी जोडणी बदलली. त्या पोर्टचं सिग्नल स्वरूप मुळात 'स्टँडर्ड'वर होतं, त्या अवस्थेत ४के ६० हर्ट्झ एचडीआर कन्सोलला दिसतच नाही. ते 'एन्हान्स्ड' करून ४८ गिगाबिटची केबल लावली आणि गेम मोड निवडला. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब घटला. बदल्यात गेम मोडमध्ये डिमिंग ढोबळ होतं, मुलांना त्याचं काही वाटलं नाही.

परिणाम

दुपारचं कॉन्ट्रास्ट, बॉक्सवरून बघताना, पहिल्या दिवशी सुमारे ९०:१ होतं. शेवटी ते ४१०:१ च्या आसपास गेलं. दिवसा एचडीआर आता दिसतं. रात्रीचे प्रकाशाचे खांब गेले. सबटायटलभोवतीचं वलय पूर्ण गेलं नाही, समोरून ते सोसण्याजोगं आहे, बाजूनं जास्त दिसतं. एचडीत नसलेली बातम्यांची वाहिनी पुसटच राहिली. संध्याकाळी सगळे जमले आणि पडदा सरळ केला की आजींना खुर्चीवरून पुन्हा फिके चेहरे, म्हणून संध्याकाळी त्या सोफ्यावर येतात.

वेगळं काय करता आलं असतं

९० ते ४१० या सुधारणेची फोड केली तर एक अवघड गोष्ट समोर येते. जुन्या, परत केलेल्या टीव्हीवरच पल्ला दुरुस्त केला असता आणि तोच झिरझिरीत पडदा लावला असता, तर दुपारचा आकडा ३६० च्या घरात गेला असता. म्हणजे दिवसाच्या फायद्याचा मोठा वाटा एका मेनूचा आणि खिडकीवरच्या कापडाचा आहे, नव्या संचाचा थोडाच. नव्या संचानं दिलं ते रात्रीचं काळं, एचडीआरची झळाळी आणि १२० हर्ट्झ. या गोष्टी खऱ्या आहेत, पण घरच्यांनी बदलाचं मुख्य कारण सांगितलं होतं दुपारचं. खिडकीचा पडदा आधी लावून दोन-तीन दिवस बघितलं असतं तर पाचव्या पर्यायाला न्याय मिळाला असता, आणि परतीच्या मुदतीत तेवढी सवड होती.

ओएलईडीविरुद्धचा हिशेबही ४२० लक्सवर केलेला होता. १६० लक्सवर परतणारा प्रकाश २ ऐवजी ०.७६ निट होतो आणि ओएलईडीचं दुपारचं कॉन्ट्रास्ट ९० वरून २३५ च्या पुढे जातं. म्हणजे झळाळीचा आक्षेप जवळपास गळून पडतो आणि उरतो तो फक्त सरकपट्टीच्या झिजेचा. या घरात तो एकटाही पुरेसा वजनदार होता, त्यामुळे आमच्या मते निवड बदलली नसती. बातम्यांचे तास नसलेल्या घरात मात्र हाच हिशेब उलट लागेल, आणि तिथे बाजूच्या खुर्चीचा, आर्मचा, खिडकीच्या प्रतिबिंबाचा सगळा खटाटोपही बराचसा वाचेल.

आकाराचाही विचार राहून गेला. ५५ इंची पडद्यावर ५७६ रेषांची एक रेष १.१९ मिलिमीटर होते, बातम्या सुसह्य झाल्या असत्या. २.६ मीटरवरून तो पडदा २६ अंश भरतो, सिनेमासाठी थोडा लहान. कोणी कशासाठी किती सोडायचं हे घरात बोलायला हवं होतं, पण ६५ हा आकडा पहिल्या दिवसापासून ठरलेलाच होता.

टीव्ही निवडताना लक्समीटर, प्लूज नमुना, अंधाऱ्या प्रसंगाची एक फाइल आणि नेहमीच्या वाहिनीचं रेकॉर्डिंग सोबत असलं की पहिल्या भेटीतच पुष्कळ कळतं. दुकानात संच 'विविड'मध्ये आणि प्रखर दिव्यांखाली असतो. तिथे आधी सिनेमा मोड लावून घ्यावा आणि घरच्या खुर्चीच्या कोनात उभं राहून बघावं.

नव्या संचावर पहिल्याच सॉफ्टवेअर अपडेटनंतर मोशनचे पर्याय मूळ जागी गेले आणि वीजबचतीचा सेन्सर पुन्हा चालू झाला. तंत्रज्ञानं आता प्रत्येक मोडच्या प्रत्येक मेनू-पानाचे फोटो काढून घरच्यांच्या फोनमध्ये ठेवले आहेत. अपडेट आलं की आधी सेन्सर, मग पोर्टचं स्वरूप, मग काळ्याचा पल्ला, या क्रमानं ते पडताळून बघायचे.